वाचकांचे प्रश्न : प्लेटलेट काउंट कमी आलाय, पण खरंच कमी आहे का?

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं प्लेटलेटवरच (रक्त गोठायला मदत करणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशींवर) आहेत, पेशंटच्या घरच्यांची आहेत आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यांचीही. म्हणून हा सगळा अंक त्यालाच दिलाय.

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझ्या आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय. त्याआधी सीबीसी (रक्तातल्या सगळ्या पेशी मोजायची तपासणी) केली तर प्लेटलेट ३८ हजार आल्या, घरात सगळे घाबरले आणि ऑपरेशन पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या लॅबमध्ये तपासलं तर १ लाख ९० हजार. आईला काहीच त्रास नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर काळेनिळे डाग नाहीत. एका रात्रीत दीड लाख वाढतात का? कुठला रिपोर्ट खरा धरायचा?

उत्तर : मधे प्लेटलेट चढवल्या नसतील तर एका रात्रीत एवढ्या वाढत नाहीत. म्हणजे दोनपैकी एक आकडा चुकलाय, आणि तुम्ही जे लिहिलंय त्यावरून ३८ हजारावरच माझा संशय जास्त आहे, कारण काउंट खोटा कमी यायची कारणं बरीच आहेत आणि त्यातली बहुतेक आईच्या शरीरात नसून त्या छोट्या ट्यूबमध्ये असतात.

सीबीसीचं रक्त जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये घेतात, त्यात ईडीटीए नावाचं रसायन असतं. ते रक्तातलं कॅल्शियम पकडून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. पण साधारण हजारात एखाद्या माणसाच्या रक्तात अशी अँटिबॉडी असते की कॅल्शियम निघून गेल्यावर प्लेटलेटच्या पृष्ठभागावरचा जो भाग उघडा पडतो त्याला ती जाऊन चिकटते, आणि मग प्लेटलेट एकमेकींना धरून पुंजके करतात. हे सगळं ट्यूबमध्येच होतं, शरीरात अजिबात नाही. मशीनला तो पंधरा-वीस प्लेटलेटचा पुंजका एक मोठी वस्तू म्हणून दिसतो, ते त्याला प्लेटलेट म्हणून मोजत नाही, कधीकधी तर पांढरी पेशी म्हणून मोजतं, त्यामुळे अशा रिपोर्टमध्ये प्लेटलेट कमी आणि पांढऱ्या पेशी उगाच जास्त असंही दिसू शकतं. आणि जितका वेळ ट्यूब तशीच पडून राहील आणि गार होत जाईल तितके पुंजके वाढतात. म्हणून रक्त घेतल्या घेतल्या तपासणाऱ्या लॅबचा आकडा बरा येतो आणि लांबून सॅम्पल मागवणाऱ्या लॅबचा पडतो, असंही होतं.

दुसरं साधं कारण म्हणजे रक्त घेताना शीर नीट सापडली नाही, सुई आत फिरवावी लागली, रक्त थेंब थेंब आलं, आणि ट्यूबमध्ये बारीकशी गुठळी झाली. त्या गुठळीत प्लेटलेट अडकल्या की काउंट गेला. क्वचित सॅम्पलची अदलाबदलही होते, ती शक्यताही मनात ठेवायला हवी.

आता करायचं काय? लॅबला सांगा की स्लाईड बघून रिपोर्ट द्या. रक्ताचा थेंब काचेवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा, त्यात पुंजके असतील तर ते स्लाईडच्या पिसासारख्या टोकाशी ढकललेले दिसतात, बघणाऱ्याला ते चुकत नाहीत. मग एक सॅम्पल निळ्या झाकणाच्या सायट्रेटच्या ट्यूबमध्ये घ्यायचं आणि लगेच चालवायचं. त्या ट्यूबमध्ये रक्ताच्या नऊ भागांना एक भाग औषधाचं पाणी असतं, त्यामुळे जो आकडा येईल त्याला १.१ ने गुणायचं. १ लाख ७५ हजार आला तर खरा १ लाख ९२ हजार ५००. ट्यूब रेषेपर्यंत पूर्ण भरलेली असली तरच हा गुणाकार बरोबर, आणि या ट्यूबमधला फक्त प्लेटलेटचा आकडा घ्यायचा, बाकीचे नाही. काही जणांच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येसुद्धा चिकटतात, मग सॅम्पल ३७ डिग्रीवर ठेवून ताबडतोब मोजतात, किंवा मॅग्नेशियम सल्फेटच्या ट्यूबमध्ये घेतात.

पुंजके सापडले तर लॅबकडून ते लेखी घ्या आणि तो कागद आईच्या फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवा. हे मी कळकळीने सांगते, कारण हा आजार नाहीच, पण तो ओळखला न गेल्यामुळे लोकांना स्टेरॉईड दिल्याच्या, बोन मॅरो काढून तपासल्याच्या, एवढंच काय प्लीहा काढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. पुढच्या सीबीसीलाही आईचा आकडा असाच पडू शकतो, तेव्हा तो कागद कामाला येईल. आणि स्लाईडवर पुंजके दिसले नाहीत, प्लेटलेट खरंच विरळ दिसल्या, तर मात्र ३८ हजार खरा धरून पुढच्या तपासण्या करायच्या, त्यात टाळाटाळ नको.

प्रश्न : मी छोट्या लॅबमध्ये टेक्निशियन आहे, आमच्याकडे थ्री पार्ट मशीन (पांढऱ्या पेशी तीनच गटांत मोजणारं) आहे. एका पेशंटचा एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ५८, हिमोग्लोबिन ७ आणि प्लेटलेट ६ लाख ४० हजार. मशीनने फ्लॅग (इशारा) दिलाय, प्लेटलेटच्या आकाराच्या ग्राफची शेपटी खाली येतच नाही. परत लावलं तरी तेवढंच. रिपोर्ट देऊ का?

उत्तर : लगेच नका देऊ. परत लावून तेवढंच येणार, कारण मशीन नीटच चाललंय, पण ते जे मोजतंय ते सगळं प्लेटलेट नाहीये.

तुमचं मशीन इम्पीडन्सवर, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्यावर चालतं. वॉलेस कोल्टर यांना १९५३ साली या तत्त्वाचं पेटंट मिळालं आणि अजूनही लाखो सॅम्पल त्यावरच मोजली जातात. बारीक छिद्रातून विजेचा प्रवाह चालू असतो, पेशी त्यातून गेली की अडथळा होतो, जेवढी पेशी मोठी तेवढा ठोका मोठा. प्लेटलेट आणि तांबड्या पेशी एकाच चेंबरमध्ये एकाच छिद्रातून जातात, आणि कोण कोण आहे हे मशीन फक्त आकारावरून ठरवतं. प्लेटलेटचं सरासरी आकारमान ७ ते ११ फेम्टोलिटर (पेशींसारख्या बारीक गोष्टींचं माप), नॉर्मल तांबडी पेशी ८० ते १०० फेम्टोलिटर, एवढं अंतर असलं की मधे रेषा मारणं सोपं. बऱ्याच मशीनमध्ये खालची रेषा २ ते ६ आणि वरची १२ ते ३० फेम्टोलिटरच्या मधे सॅम्पलप्रमाणे सरकते. आता तुमच्या पेशंटच्या तांबड्या पेशींची सरासरीच ५८ आहे, म्हणजे निम्म्या त्याहून लहान, त्यात तुकडे आणि खुज्या पेशी धरल्या तर काही सरळ ३० च्या खाली येतात आणि प्लेटलेटच्या खात्यात जमा होतात. ग्राफची शेपटी खाली टेकत नाही ती यामुळेच, दोन डोंगरांच्या मधली खिंड भरून गेलीय. ती शेपटी वाचायला शिका, आकड्याआधी ग्राफ बघायची सवय लावून घ्या, स्वस्तातल्या मशीनवरसुद्धा एवढी माहिती फुकट मिळते आणि कितीतरी जण ती छापील रिपोर्टमधून काढूनच टाकतात, याचं मला फार वाईट वाटतं.

मग खरा आकडा कसा काढायचा? चांगली स्लाईड करा, जिथे तांबड्या पेशी एकमेकींना जेमतेम टेकलेल्या असतात त्या भागात ऑइल इमर्शनखाली १००० तांबड्या पेशी मोजा आणि त्याच फील्डमधल्या प्लेटलेट मोजा. समजा १००० ला ८५ प्लेटलेट मिळाल्या आणि मशीनचा तांबड्या पेशींचा आकडा ५१ लाख आहे, तर ५१ लाख गुणिले ८५ भागिले १०००, म्हणजे ४ लाख ३३ हजार ५००. कुठे ६ लाख ४० आणि कुठे हे. दुसरी पद्धत तुम्हाला माहीत असेलच, दहा फील्डची सरासरी काढून १५ हजाराने किंवा २० हजाराने गुणायचं, पटकन अंदाज घ्यायला ती चालते, पण तो गुणक तुमच्या सूक्ष्मदर्शकाचं फील्ड केवढं आहे त्यावर आणि पेशंटच्या ॲनिमियावर बदलतो, ७ हिमोग्लोबिनच्या पेशंटमध्ये स्लाईड पातळ येते आणि गणित फसतं. १००० तांबड्यांची पद्धत तिथे जास्त भरवशाची.

एक मात्र लक्षात असू द्या, लोह कमी असलेल्या पेशंटच्या प्लेटलेट खरोखरही वाढतात. त्यामुळे एमसीव्ही कमी म्हणून प्लेटलेट खोट्या असं आंधळेपणाने धरू नका, स्लाईड बघा आणि मग ठरवा.

उलटी बाजू जास्त धोक्याची आहे. भाजलेला पेशंट असेल, किंवा टीटीपीसारखा आजार असेल ज्यात तांबड्या पेशींचे तुकडे होतात, ल्युकेमियात पांढऱ्या पेशींचे तुकडे होतात, तेव्हा खरा काउंट १० हजार आणि मशीन दाखवतं ३० हजार असं होऊ शकतं. डॉक्टर निर्धास्त राहतात आणि पेशंटला त्याच वेळी रक्तस्रावाचा धोका असतो. खोटा कमी काउंट पेशंटला घाबरवतो, पण हा खोटा जास्त काउंट जिवावर बेतू शकतो.

प्रश्न : सर/मॅडम, ल्युकेमियाच्या पेशंटचा काउंट पहिल्यांदा ९ हजार आला, परत लावला तर १३ हजार. डॉक्टर फोनवर ओरडले की नक्की किती ते सांगा. काय सांगायचं?

उत्तर : डॉक्टरांची घाई समजू शकते, रक्तस्राव नसलेल्या अशा पेशंटला प्लेटलेट चढवायच्या का हे ठरवताना बरेच जण १० हजाराची रेषा धरतात, आणि तुमचे दोन आकडे नेमके त्या रेषेच्या अलीकडे पलीकडे पडलेत. पण खरं उत्तर हे की ९ आणि १३ यात फरक करण्याएवढी ताकद बऱ्याच मशीनमध्ये या पातळीला नसते.

चेंबरवर, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर, हाताने मोजून बघा म्हणजे का ते कळेल. ब्रेचर आणि क्रॉनकाइट यांची १९५० ची पद्धत, १ टक्का अमोनियम ऑक्झॅलेटमध्ये रक्त १०० पट पातळ करायचं, तांबड्या पेशी फुटून जातात, मग न्यूबॉअर चेंबरमध्ये भरून ओला कापूस ठेवलेल्या झाकणाखाली पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं म्हणजे प्लेटलेट तळाला बसतात, आणि फेज कॉन्ट्रास्टखाली मधला १ चौरस मिलिमीटरचा चौकोन मोजायचा. जेवढ्या मिळतील त्याला १००० ने गुणायचं. आता पेशंटच्या प्लेटलेट १० हजार असतील तर तुम्हाला त्या अख्ख्या चौकोनात सापडणार किती? दहा. आणि योगायोगाने मोजण्यात जी चूक होते ती मोजलेल्या संख्येच्या वर्गमुळाएवढी असते, दहाचं वर्गमूळ ३ च्या जरा वर, म्हणजे एकदा ७ येतील, एकदा १३ येतील आणि दोन्ही वेळा तुमचा हात चोख असेल. तेच २ लाखाच्या पेशंटला २०० मिळतात, वर्गमूळ १४, चूक ७ टक्के, कुणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून कमी काउंटला पातळ कमी करा आणि जास्त जागा मोजा. १०० पटीऐवजी २० पट पातळ करा आणि चेंबरच्या दोन्ही बाजूंचे मधले चौकोन मोजा, त्याच पेशंटच्या आता १०० प्लेटलेट मिळतील, गुणक १००, चूक १० टक्क्यांवर. एका बदलाने केवढा फरक पडला बघा. ऑक्झॅलेट गाळून वापरा, त्यात धूळ असली तर तीही प्लेटलेटसारखीच चमकते.

मशीनलाही हेच गणित लागू आहे, तिथे मोजल्या जाणाऱ्या पेशी जास्त असतात एवढंच. काही नवीन मशीन कमी काउंट आला की आपोआप जास्त वेळ मोजतात ते यासाठीच. शिवाय ब्लँक बघा. नुसतं डायल्युएंट (रक्त पातळ करायचं द्रव) चालवून प्लेटलेट ५ हजार दिसत असतील तर २ लाखाच्या पेशंटला त्याने काही बिघडत नाही, पण ९ हजारातले निम्म्याहून जास्त तिथूनच आलेले असतील. आणि ८ लाखाच्या सॅम्पलच्या मागोमाग कमी काउंटचं सॅम्पल लावू नका, मधे ब्लँक चालवा.

डॉक्टरांना सांगायचं ते असं : दोनदा मोजलं, ९ आणि १३ आलं, स्लाईडवर पुंजके नाहीत, पांढऱ्या पेशींचे तुकडे आहेत किंवा नाहीत, प्लेटलेट अतिशय कमी आहेत हे नक्की. असं सांगितलं की समजूतदार डॉक्टर पेशंटला ताप आहे का, कुठे रक्त येतंय का हे बघून ठरवतात. तुम्ही मधला ११ हजार आकडा छापून दिला तर मात्र त्यांना वाटेल की तो मोजून आलाय.

प्रश्न : माझं वय २६. लहानपणापासून प्लेटलेट ४० ते ६० हजार. आयटीपी (शरीर स्वतःच्याच प्लेटलेट नष्ट करतं तो आजार) सांगून दोनदा स्टेरॉईड झाले, फरक शून्य. बाबांच्याही कमी आहेत, आत्याच्याही. कधी जास्त रक्त गेलं नाही. मला अजून किती गोळ्या खाव्या लागतील?

उत्तर : गोळ्यांचा निर्णय मी इथून देणार नाही, तो तुमच्या रक्तविकारतज्ज्ञांनीच द्यायचा, पण बाबा आणि आत्या हे जे तुम्ही शेवटी लिहिलंय ते त्यांना सगळ्यात आधी सांगा. घरात पिढ्यान्‌पिढ्या काउंट कमी, रक्तस्राव फारसा नाही, स्टेरॉईडने फरक नाही, हे ऐकलं की जन्मजात मोठ्या प्लेटलेटचे आजार आठवले पाहिजेत. एमवायएच-९ नावाच्या जीनमधला दोष त्यातला एक. यात काही प्लेटलेट तांबड्या पेशींएवढ्या मोठ्या असतात, आणि वर सांगितलं तसं मशीन आकारावर चालतं, त्यामुळे त्यांना ते तांबड्या पेशींतच धरतं. खरा काउंट ९० हजार असला तरी छापून ४५ हजार येऊ शकतो. अशा वेळी एमपीव्हीच्या (प्लेटलेटच्या सरासरी आकारमानाच्या) आकड्यावरही भरवसा नाही, कारण सगळ्यात मोठ्या प्लेटलेट त्या हिशेबात धरलेल्याच नसतात, काही मशीन तर तिथे आकडाच देत नाहीत.

स्लाईड बघायला सांगा. मोठ्या प्लेटलेट दिसतील, आणि एमवायएच-९ असेल तर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये फिकट निळे डाग दिसू शकतात. याच दोषात पुढे काहींना ऐकू कमी येतं, लघवीतून प्रोटीन जातं, मोतीबिंदू लवकर होतो, म्हणून निदान पक्कं होणं महत्त्वाचं. आणि काउंट ऑप्टिकल किंवा फ्लोरोसंट पद्धतीच्या (प्रकाशाने किंवा चमकणाऱ्या रंगाने मोजणाऱ्या) मशीनवर, नाहीतर हाताने करून घ्या, तो जास्त येण्याची बरीच शक्यता आहे.

प्रश्न : मी रक्त घेण्याचं काम करते. काउंट चुकला की लॅबवाले माझ्यावर ढकलतात. माझ्या हातात नक्की काय आहे?

उत्तर : बरंच काही आहे ताई, आणि दोष देण्यासाठी नाही म्हणत, तुमचं काम नीट झालं नाही तर कितीही महाग मशीन पुढे काही करू शकत नाही म्हणून म्हणतेय. दंडाचा पट्टा एका मिनिटाच्या वर ठेवू नका. पहिल्या टोचण्यात शीर मिळून रक्त सरसर आलं पाहिजे, थेंब थेंब येत असेल तर तिथे ओढत बसू नका, दुसरी जागा बघा आणि नवीन सुई, नवीन ट्यूब घ्या. निळी ट्यूब असेल तर ती आधी, जांभळी नंतर. जांभळी रेषेपर्यंत भरा, कमी भरली तर ईडीटीए जास्त होऊन प्लेटलेट फुगतात, गच्च भरली तर आत हवेला जागाच राहत नाही आणि रक्त मिसळत नाही. सिरिंजने घेतलं असेल तर सुईतून जोरात ढकलू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, ट्यूब भरली की त्याच क्षणी ८ ते १० वेळा हळूच उलटीसुलटी करायची, झटकायची नाही. पेशंटच्या हाताला कापूस लावून, नाव लिहून, मग मिसळू असं केलं तर तेवढ्यात तळाशी गुठळी व्हायला सुरुवात झालेली असते. बाळाचं बोटातून रक्त घ्यावं लागलं तर पहिला थेंब पुसून टाका आणि पटपट घ्या, टोचलेल्या जागी प्लेटलेट चिकटत राहतात त्यामुळे बोटातला काउंट शिरेतल्यापेक्षा कमी येतो, हे रिपोर्टवर लिहायला सांगा. शीर मिळायला त्रास झाला असेल तर तेही फॉर्मवर लिहा. कमी काउंट बघून लॅबमधला माणूस ती ओळ वाचेल आणि काडी घालून गुठळी शोधेल.

प्रश्न : सॅम्पल रात्री फ्रीजमध्ये ठेवलं तर चालतं का?

उत्तर : प्लेटलेट मोजायच्या असतील तर नको. गारठ्यात प्लेटलेटचा चपटा आकार जाऊन त्या गोल होतात आणि चिकटायला लागतात. रूम टेंपरेचरला ठेवा, शक्यतो ४ ते ६ तासांत मोजा, आणि लावण्याआधी परत सावकाश मिसळा.

प्रश्न : आमच्या हॉस्पिटलला नवीन सीबीसी मशीन घ्यायचंय. विक्रेता म्हणतो फ्लोरोसंट प्लेटलेट असलेलं घ्या, मग स्लाईड बघायची गरज नाही. खरं आहे का?

उत्तर : पहिलं अर्धं खरं, दुसरं अर्धं नाही. फ्लोरोसंट पद्धतीत रंग प्लेटलेटच्या आतल्या न्यूक्लिक ॲसिडला लागतो, तांबड्या पेशींच्या तुकड्यांना तसा लागत नाही, त्यामुळे तुकडे आणि प्लेटलेट वेगळे कळतात, मोठ्या प्लेटलेटही बऱ्याच सापडतात. तुमच्याकडे कॅन्सरचे, भाजलेले, आयसीयूतले पेशंट जास्त असतील तर पैसे त्यात नक्की घाला. पण पुंजका तो पुंजकाच, ट्यूबमध्ये एकदा चिकटलेल्या प्लेटलेट कुठलंही मशीन सुट्या करून पूर्ण मोजेल याची खात्री नाही, तिथे स्लाईड आणि दुसरी ट्यूबच लागते.

विक्रेत्याला एक विचारा, तुमचं मशीन संदर्भ पद्धतीशी २० हजाराच्या खालच्या सॅम्पलवर ताडून बघितलंय का, ते आकडे दाखवा. संदर्भ पद्धत २००१ साली रक्ततपासणीच्या आंतरराष्ट्रीय समितीने ठरवून दिलीय : सीडी-४१ आणि सीडी-६१ या प्लेटलेटच्या खुणांना चमकणाऱ्या अँटिबॉडी लावायच्या, फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी प्रकाशातून सोडून मोजणाऱ्या यंत्रावर) प्लेटलेट आणि तांबड्या पेशी यांचं प्रमाण काढायचं आणि तांबड्या पेशींच्या अचूक काउंटवरून प्लेटलेटचा आकडा काढायचा. वरच्या १००० तांबड्यांच्या पद्धतीचंच हे मोठं रूप आहे, फक्त हजारांऐवजी कितीतरी जास्त पेशी मोजून. विक्रेते बहुतेक वेळा सगळ्या रेंजचा मिळून एकच छान ग्राफ दाखवतात, त्यात २ लाख-३ लाखवाल्यांची गर्दी असते आणि खालच्या कोपऱ्यातले ठिपके कुठे पडलेत ते दिसतच नाही. तो कोपरा मोठा करून मागा. आणि मशीन आलं की कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेली सॅम्पल) तिन्ही लेव्हलचे रोज लावा, त्यातला लो लेव्हल परवडत नाही म्हणून सोडू नका, निर्णय तिथल्याच आकड्यावर घेतले जातात.